मैत्री, घर आणि नव्याने सुरुवात : नवी मराठी कथा-कादंबरी शोधायची कशी, तेही मराठवाड्यात बसून

"मैत्रीवर काहीतरी नवं सांगा ना, घरातल्या माणसांवर, किंवा कुणीतरी सगळं मोडल्यावर परत उभं राहतंय असं, पण आत्ताचं पाहिजे, आपल्या काळातलं." ही विचारणा आजकाल सारखी कानावर येते, लातूरहून येते, हिंगोलीहून येते, गेवराई-परतूरसारख्या तालुक्याच्या गावांहून तर जास्तच येते. आणि उत्तर म्हणून जी यादी फिरते ती ठरलेली. मैत्री म्हटलं की मिलिंद बोकील यांची 'शाळा'. पुस्तक उत्तमच आहे, त्यात वाद नाही, पण ते 2004 सालचं, ते आलं त्या वर्षी जन्मलेली लेकरं आता कॉलेज संपवून नोकरी शोधायलीत. त्यांच्या मैत्रीवर, त्यांच्या घरांवर कुणी लिहितंय की नाही?

लिहितंय, लई लिहितंय. अडचण लिहिण्याची नाही, पोचण्याची आहे. नव्या लेखकाची पहिली आवृत्ती बऱ्याचदा पाचशे-हजार प्रतींची, त्यातल्या बहुतेक पुण्या-मुंबईकडे खपतात आणि आपल्याकडच्या दुकानांत जागा कशाला, तर शाळेची पुस्तकं, गाईड, स्पर्धा परीक्षेचे संच, नाहीतर वर्षानुवर्षं खपणारी तीच दहा-बारा नावं. म्हणजे दुकानात जाऊन "नवं काय आलंय" विचारून आपल्या भागात काम होत नाही, माग काढावा लागतो. तो कसा काढायचा ते खाली लिहितोय, शक्य तेवढं सविस्तर, म्हणजे कुणालाही आपल्या गावात बसून करता येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं की पुस्तकापासून सुरू करू नका. आधी एक कथा शोधा, कथेवरून लेखक, लेखकावरून पुस्तक.

आधी काय हवंय ते एका वाक्यात लिहा

"मैत्री" एवढा शब्द घेऊन लायब्ररीत गेलात तर ग्रंथपाल तरी काय देणार? मैत्री असं कुठलं कपाटच नसतं. कपाटं असतात कादंबरी, कथासंग्रह, चरित्र अशी, आणि लोकांच्या डोक्यातली कपाटं असतात ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, ऐतिहासिक अशी. माझं स्पष्ट मत आहे की या चिठ्ठ्यांनी वाचकाचं लई नुकसान केलंय, कारण 'ग्रामीण' असं लिहिलेल्या पुस्तकात दोन जावांची इतकी घट्ट मैत्री असते की ती वाचून माणूस आपल्या माणसाला फोन लावतो, पण त्या पुस्तकाची ओळख करून देताना सगळे दुष्काळाबद्दलच बोलतात.

म्हणून वहीत एक नेमकं वाक्य लिहा. उदाहरणार्थ : चाळिशीत तुटलेली दोस्ती. शेत विकून वाळूजला कंपनीत लागलेला माणूस आणि गावात राहिलेला त्याचा भाऊ. नवरा गेल्यावर सासूसोबतच राहणारी सून. पुण्यात परीक्षेची तयारी करणाऱ्या तीन पोरींची एक रूम. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापामागं आजीकडं राहणारी लेकरं. दुसरं लग्न. असं वाक्य हातात असलं की विचारणं सोपं जातं, समोरच्यालाही काहीतरी आठवतं. "मैत्रीवर द्या" म्हटलं की तो विचार करत बसतो, "दोन म्हाताऱ्या बायांच्या मैत्रीचं काही आहे का" म्हटलं की पटकन म्हणतो, अरे हो, मागच्या महिन्यात एक आलं होतं.

एकाच वेळी दोन वाक्यं पुरेत. जास्त लिहिली की परत 'काहीही द्या' असं होऊन बसतं.

दिवाळी अंक, आणि ते वाचायची रीत

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथं जरा थांबू.

मराठीत दिवाळी अंकाची परंपरा 1909 पासूनची, काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'पासून. शंभराहून जास्त वर्षं झाली आणि आजही नवा कथाकार बऱ्याचदा आधी इथंच दिसतो, पुस्तक नंतर कितीतरी वर्षांनी येतं. म्हणजे जो माणूस दिवाळी अंक नीट वाचतो त्याला लेखक पुस्तकाच्या आधी भेटतो. मौज, अक्षर, मुक्त शब्द, दीपावली, हंस, साधना ही नावं बऱ्याच जणांना माहीत असतात. साधनाचा युवा अंकही निघतो. त्याशिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत निघणारे छोटे अंक असतात, त्यांच्याकडं आपण जाहिरातींचे अंक म्हणून दुर्लक्ष करतो, पण त्यात आपल्याच भागातल्या एखाद्या शिक्षकाची, आरोग्य सेविकेची, बँकेत काम करणाऱ्या पोराची पहिली कथा असू शकते.

विकत घ्यायला गेलं तर एकेक अंक साधारण 200 ते 400 रुपयांना पडतो, सगळे घेणं कुणालाच परवडत नाही आणि गरजही नाही. बहुतेक चालू लायब्ऱ्या दिवाळीनंतर अंक योजना काढतात, ठरावीक रक्कम भरली की सगळे अंक आळीपाळीनं वाचायला मिळतात. ती योजना घ्याच. दिवाळी उलटून गेली असेल तरी बिघडत नाही, मागच्या वर्षीचे अंक लायब्ररीत पडून असतात, रद्दीवाल्याकडं आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळतात, आणि कथा काही वर्षभरात शिळी होत नाही.

आता वाचायचं कसं? अंक हातात आला की मुखपृष्ठ, राशिभविष्य, परिसंवाद सगळं बाजूला, सरळ अनुक्रमणिका उघडा आणि 'कथा' या मथळ्याखालची नावं बघा. ओळखीची नावं नंतर वाचा. जे नाव तुम्ही कधीच ऐकलं नाही तिथं पेन्सिलीनं टिंब करा (लायब्ररीचा अंक असेल तर वहीत लिहा, त्यावर खुणा नकोत). मग त्या टिंबवाल्या कथांची फक्त पहिली दोन पानं वाचायची. पकडलं तर पुढं, नाही तर पुढची कथा. कथा आवडली की वहीत तीन गोष्टी लिहायच्या : लेखकाचं नाव, गाव, आणि कथेत कुणाचं कुणाशी नातं आहे. गाव का, तर एकाच नावाची दोन माणसं निघतात आणि मग शोधताना घोळ होतो. बऱ्याच अंकांत कथेच्या शेवटी लेखकाचा पत्ता किंवा संपर्क असतो, तो पुढं कामाला येतो.

एक दिवाळी अशी गेली की वहीत पाच-सात नावं जमतात. दुसऱ्या दिवाळीला त्यातली दोन-तीन परत दिसतात. जे नाव दुसऱ्यांदा दिसलं आणि दुसऱ्यांदाही आवडलं, तो तुमचा लेखक. आता त्याचं पुस्तक आहे का बघा.

याच्या उलट दिशेनंही जाता येतं आणि ही युक्ती फार कमी लोक वापरतात. एखादा कथासंग्रह आवडला तर त्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून यादी असते का बघा, कुठली कथा कुठल्या अंकात कुठल्या वर्षी आली ते तिथं दिलेलं असतं. त्या यादीत जो अंक दोन-तीनदा आलाय, त्या अंकाच्या संपादकाची आणि तुमची आवड जुळते असं समजा आणि तो अंक दरवर्षी धरा.

पुरस्कारांच्या याद्या : कुठली आधी बघायची

पुरस्कार मिळाला म्हणून पुस्तक आपल्याला आवडेलच असं नाही, पण शोधायला याद्या चांगल्या, फक्त त्यांचं गणित समजून घ्या. साहित्य अकादमीचा मुख्य पुरस्कार पुरस्काराच्या आधीचं एक वर्ष सोडून त्यामागच्या पाच वर्षांत पहिल्यांदा आलेल्या पुस्तकांमधून दिला जातो, म्हणजे तिथलं पुस्तक कधीकधी सहा वर्षं जुनं असतं. एकदम ताजं हवं असेल तर ही यादी उपयोगाची नाही, मात्र चांगलं निवडायला उपयोगाची आहे. 2016 सालचा हा पुरस्कार परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला मिळाला, आणि मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की तो कथासंग्रह आहे. आपल्याकडं लोक कथासंग्रह म्हटलं की हात मागं घेतात, कादंबरीच पाहिजे म्हणतात, आणि तिथंच चुकतात, कारण मराठवाड्यातलं चांगलं नवं लेखन बरंचसं कथेत आहे.

नव्या लेखकांसाठी अकादमीचा युवा पुरस्कार बघा, तो पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी असतो, 2011 पासून दिला जातो आणि अलीकडं साधारण जूनमध्ये जाहीर होतो. 2024 साली तो तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला मिळाला. शिवणकाम करणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, रेडिमेड कपडे आल्यावर ज्याचा धंदा बसत चाललाय. धंदा गेल्यावर घर कसं चालवायचं आणि दुसरं काय करायचं, हा प्रश्न आपल्या प्रत्येक गावात कुणाच्या ना कुणाच्या घरात आहे, म्हणून 'नव्याने सुरुवात' या विषयाचं पुस्तक शोधणाऱ्याला मी हे आधी सुचवतो. गोड शेवट शोधत असाल तर मात्र आधीच मनाची तयारी ठेवा.

तिसरी यादी सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. राज्य सरकारचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार असतात ना, त्यात 'प्रथम प्रकाशन' असा वेगळा विभाग असतो. पहिल्याच कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे पुरस्कार आणि पहिल्या कथासंग्रहासाठी ग. ल. ठोकळ पुरस्कार. पेपरात बातमी येते तेव्हा मोठी नावं मथळ्यात असतात आणि ही दोन नावं खाली कुठंतरी दडलेली असतात, ती शोधून वहीत उतरवा. मागच्या चार-पाच वर्षांच्या याद्या काढल्या तरी तुमच्याकडं आठ-दहा अशी पुस्तकं जमतील जी गावातल्या कुणी पाहिलेली नसतील.

लायब्ररी, म्हणजे नुसतं पुस्तक बदलून आणायची जागा नव्हे

1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळं महाराष्ट्रात गावोगाव अनुदानित लायब्ऱ्या उभ्या राहिल्या, अ, ब, क, ड अशा वर्गांच्या. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत त्या आहेत. काही नुसत्या पाटीपुरत्या उरल्यात हे खरं, पण ज्या चालू आहेत त्या मनापासून चालू आहेत. संभाजीनगरचं बलवंत वाचनालय किंवा परभणीचं गणेश वाचनालय यांच्यासारख्या जुन्या ठिकाणी तर पिढ्यान् पिढ्या वाचक घडलेत. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी जिल्हा ग्रंथालय असतं, ते वेगळं, तिथंही सभासद होता येतं. अनामत आणि वर्गणी मिळून जो खर्च येतो तो दोन-तीन पुस्तकांच्या किमतीएवढाही नसतो बऱ्याच ठिकाणी.

तिथं गेल्यावर तीन कामं करा.

पहिलं, कपाटाकडं जायच्या आधी ग्रंथपालांना विचारा की नवीन दाखल झालेली पुस्तकं कुठं आहेत. नवीन आलेलं पुस्तक नोंद व्हायच्या, शिक्का मारायच्या, नंबर टाकायच्या प्रक्रियेत टेबलावर नाहीतर आतल्या खोलीत पडलेलं असतं आणि कपाटात जाईपर्यंत महिने जातात. "दाखल नोंदवहीची शेवटची दोन पानं बघू का" असं नीट विचारलं तर बहुतेक जण दाखवतात. त्या वहीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, तारीख सगळं ओळीनं लिहिलेलं असतं, पाच मिनिटांत कळतं की गेल्या सहा महिन्यांत काय आलंय.

दुसरं, देवघेवीच्या टेबलावर पाच-दहा मिनिटं थांबा. वाचून परत आलेल्या पुस्तकांचा ढीग बघा. जे पुस्तक नवीन दिसतंय पण कोपरे दुमडलेत, पानं सैल झालीत, ते लोकांनी खरंच वाचलंय. आणि तिथं येणाऱ्या बायकांना विचारा. लायब्ररीच्या खऱ्या वाचक त्याच आहेत, दुपारी घरातलं आवरून येतात, दोन पुस्तकं नेतात, चार दिवसांत परत आणतात. "मावशी, एवढ्यात घरातल्या माणसांवरचं चांगलं काय वाचलं?" एवढंच विचारा. कुठल्याही परीक्षणापेक्षा नेमकं उत्तर मिळतं, कारण त्या शैलीबिलीवर बोलत नाहीत, सरळ सांगतात की त्यातल्या सुनेचं पटलं, पण शेवट उगंच गोड केलाय.

तिसरं काम मागणीचं. लायब्ररीत मागणी वही किंवा सूचना वही असते, नसेल तर साध्या कागदावर लिहून द्या : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आणि खाली तुमचा सभासद क्रमांक. प्रकाशकाचं नाव लिहायला विसरू नका, कारण नुसत्या पुस्तकाच्या नावावरून विक्रेत्याला ते सापडत नाही आणि मग "मिळालं नाही" म्हणून विषय संपतो. एकट्यानं मागितलं तर राहून जातं, तीन-चार सभासदांनी वेगवेगळं लिहून दिलं तर खरेदीच्या यादीत येतं. अनुदानाचा खर्च आर्थिक वर्ष संपायच्या आत दाखवायचा असतो, म्हणून दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत मागणी टाकलेली बरी. हे काम मला लई मोलाचं वाटतं, कारण एक प्रत लायब्ररीत आली की ती पन्नास घरांत फिरते.

पुस्तक हातात आल्यावर तपासायचं कसं

मागच्या पानावरच्या मजकुरावर विसंबू नका. "नात्यांचा हळुवार वेध", "माणूसपणाचा शोध" असं सगळ्याच पुस्तकांवर लिहिलेलं असतं. त्याऐवजी आधी छपाईची माहिती असलेलं पान उघडा. तिथं प्रथमावृत्ती कधीची ते बघा. नवं कोरं मुखपृष्ठ असतं आणि आत प्रथमावृत्ती 1989 असते असं पुष्कळदा होतं, जुनं वाचायला काहीच हरकत नाही, पण आज आपण नवं शोधायला निघालोय.

मग कुठंही मधलं एक पान उघडून संवाद वाचा. नात्यांच्या गोष्टीत सगळा जीव संवादात असतो. मी इथं दोन नमुने लिहून दाखवतो. दोन भाऊ, वाटणी झालेली, एक पुण्याला गेलेला, बऱ्याच दिवसांनी गावी आलाय. एका प्रकारच्या पुस्तकात ते असं बोलतील :

"दादा, तू मला फार दुखावलं आहेस. आपल्या नात्यात आता पूर्वीसारखा ओलावा राहिला नाही."

"मलाही त्याचं दुःख होतं रे, पण परिस्थितीच अशी होती."

आणि दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकात असं :

"बांधावरची बाभळ तोडली म्हणं."

"तोडली."

"इचारायचं तरी."

"तू तिकडं पुण्याला. चहा घेणारैस का?"

पहिल्यात लेखकानं सगळं सांगून टाकलं, वाचणाऱ्याला करायला काही उरलंच नाही. दुसऱ्यात ओलावा, दुःख, परिस्थिती यातला एक शब्द नाही, पण वाटणीच्या दिवसापासून साचलेलं सगळं त्या बाभळीत आलं, आणि चहा विचारला म्हणजे दार अजून बंद झालेलं नाही हेही आलं. अशी चार ओळींची जागा सापडली की ते पुस्तक बिनधास्त घरी न्या. बोली आहे म्हणून चांगलं असं मात्र समजू नका, नुसतं 'इचारायचं' लिहून कुणी मोठा होत नाही, प्रमाण मराठीतही असा संवाद लिहिता येतो, सवाल माणसं काय बोलतात आणि काय गिळतात याचा आहे.

मैत्रीची गोष्ट असेल तर बघा की दोघं मिळून काहीतरी करतात का. नुसतं "आपण जिवाभावाचे दोस्त" असं म्हणत कट्ट्यावर बसलेली माणसं दहा पानांत कंटाळा आणतात. उसने पैसे, एकाची गाडी दुसऱ्यानं नेणं, दवाखान्यात रात्रभर थांबणं, बहिणीच्या लग्नात वाढायला उभं राहणं, अर्धा एकर कांदा अर्धलीनं करणं, असं काहीतरी व्यवहाराचं मध्ये पाहिजे. आपल्याकडं दोस्ती पारखली जाते ती अशाच जागी. आणि जात मध्ये आल्यावर त्या दोस्तीचं काय होतं, हे ज्या पुस्तकानं टाळलं ते पुस्तक मला अर्धंच वाटतं.

नव्याने सुरुवातीच्या गोष्टीसाठी माझी कसोटी वेगळी आहे. निर्णय कितव्या पानावर होतो ते बघा. बाई घर सोडते, माणूस गाव सोडतो, पोरगी लग्न मोडते, हे शेवटच्या पानावर आणून टाळ्या घेणारी पुस्तकं पुष्कळ. खरी गोष्ट तर तिथून पुढं असते. लेकराची शाळेतून टीसी काढायची, रेशन कार्डावरचं नाव कमी करायचं, रूमचं डिपॉझिट कुणाकडून घ्यायचं, नव्या गल्लीत "नवरा कुठं असतो" विचारल्यावर काय सांगायचं. निर्णय आधी घेऊन पुढचे हे दिवस जो लेखक दाखवतो तोच या विषयाला न्याय देतो. पुस्तक चाळताना मधल्या भागात असा एखादा कागद, एखादं ऑफिस, एखादी घरमालकीण दिसली की समजा पुस्तकात दम आहे.

फोनवरून शोधताना

बुकगंगासारख्या साइटवर मराठी पुस्तकांची काही पानं बघायला मिळतात, किंडल या ई-पुस्तकांच्या ॲपवरही पुस्तकाचा सुरुवातीचा भाग फुकट वाचता येतो, तेव्हा विकत घ्यायच्या आधी वरची संवादाची तपासणी तिथंच उरकून घ्या. सुरुवातीचा भाग लेखकानं घासूनपुसून केलेला असतो एवढं लक्षात ठेवून वाचा.

ज्यांना बसून वाचायला वेळच नाही, म्हणजे सकाळी डबे, दुपारी रान, संध्याकाळी परत स्वयंपाक, त्यांच्यासाठी ऑडिओ उत्तम. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकायचं ॲप 2017 मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठीत ऐकण्यासारखं बरंच तयार झालंय, फक्त ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिकाही आहेत. वाचणाऱ्याचा आवाज नाही आवडला तर पुस्तक कितीही चांगलं असलं तरी जमत नाही, म्हणून आधी पाच मिनिटं नमुना ऐका. प्रतिलिपी या ॲपवर कुणालाही आपली गोष्ट टाकता येते, तिथं बरंचसं फुकट आणि रोज नवं लिहिलं जातं, घरातल्या नात्यांचंच सगळ्यात जास्त, पण तिथं गाळून घ्यावं लागतं : पूर्ण झालेली गोष्टच निवडा, पहिला भाग वाचून लगेच मधला कुठलातरी भाग उघडा, दोन्हीकडं माणसं तीच वाटली तर पुढं जा.

टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर नव्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. त्या घेऊ नका आणि पुढं पाठवू नका. ज्या लेखकाच्या पाचशे प्रती छापल्यात त्याच्या पन्नास प्रती जरी अशा बुडाल्या तरी प्रकाशक त्याचं पुढचं पुस्तक काढताना दहादा विचार करतो. फुकटच वाचायचं असेल तर लायब्ररी आहे, ई-साहित्य प्रतिष्ठानसारखे लेखकाच्या परवानगीनं ई-पुस्तकं देणारे लोक आहेत.

शेजारच्या भाषांमधून आलेलं

उदगीर, देगलूर, उमरगा या पट्ट्यात कन्नड-तेलुगू कानावर पडतच असते, आणि 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो त्यामुळं उर्दूही घरातलीच. या भाषांतल्या कुटुंबाच्या गोष्टी मराठीत आल्या की परक्या वाटत नाहीत, तीच भाऊबंदकी, तीच ज्वारी. भाषांतरित पुस्तक शोधताना मूळ लेखकापेक्षा अनुवादकाचं नाव धरा. कन्नडमधून म्हटलं की उमा कुलकर्णी हे नाव वाचकांना ठाऊक आहे, तसा एक अनुवादक तुमच्या कानाला बसला की तो जे निवडतो ते डोळे झाकून उचलता येतं. साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची भाषांतरं किमतीलाही परवडतात.

विकत घ्यायचं तर कुठं

दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो, साधारण हिवाळ्यात. उद्घाटनाची भाषणं चालू असतात तेव्हा स्टॉलवर गर्दी नसते, तीच वेळ चांगली. साहित्य संमेलन जवळ भरलं तर सोडू नका. 2020 ला धाराशिवला आणि 2022 ला उदगीरला अखिल भारतीय संमेलन झालं, उदगीरचे अध्यक्ष भारत सासणे तर स्वतः कथाकार, आणि त्याशिवाय मराठवाडा साहित्य परिषदेचं मराठवाडा साहित्य संमेलन असतंच. परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिकही चाळत जा, आपल्या भागातल्या पुस्तकांवर लिहिलेलं तिथं वाचायला मिळतं. सगळ्या महाराष्ट्रात नवीन काय येतंय हे कळायला 'ललित' मासिक, 1964 पासून ते पुस्तकांबद्दलच निघतं.

स्टॉलवर मोठ्या प्रकाशकांच्या रांगेत अडकू नका. कोपऱ्यात एकच टेबल लावून बसलेला छोटा प्रकाशक असतो, त्याच्याकडं वीस-पंचवीस पुस्तकं असतात आणि ती सगळी त्यानं स्वतः वाचलेली असतात. त्याला तुमचं ते एक वाक्य सांगा. तो जे काढून देईल त्यावर वरची तपासणी करा आणि पटलं तर त्याचा नंबर घेऊन ठेवा. पुढच्या वेळी सरळ फोन करून मागवता येतं, पोस्टानं किंवा कुरिअरनं पुस्तक घरी येतं, बऱ्याचदा सवलतही मिळते, आणि प्रकाशनपूर्व सवलत असेल तर तो स्वतःहून कळवतो.

चौघं-पाचजणं मिळून

एकट्यानं हे सगळं करायला वेळ आणि पैसा दोन्ही लागतं, चौघात वाटलं तर सोपं. प्रत्येकानं दोन महिन्यांतून एक नवं पुस्तक घ्यायचं, वेगवेगळं, आणि फिरवायचं. शिक्षक, मेडिकलवाला, अंगणवाडी ताई, कॉलेजची पोरगी अशी वेगवेगळ्या घरांतली माणसं असली तर फार छान, एकाच कादंबरीतल्या सासूबद्दल चार मतं निघतात. पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर कागद चिकटवून प्रत्येकानं नाव आणि एक ओळ लिहायची एवढाच नियम ठेवा, नाहीतर हिशेब आणि नियमच वाढतात आणि वाचन बाजूला राहतं.

आणि पुस्तक आवडलं तर लेखकाला कळवा. नव्या लेखकाला परभणीहून, अंबडहून, मुखेडहून कुणा अनोळखी वाचकाचा मेसेज येणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट असते, तो नक्की उत्तर देतो. काय आवडलं ते दोन ओळींत लिहा, कुठलं पात्र खरं वाटलं ते सांगा, आणि शेवटी विचारा की तुमच्या बरोबरीनं लिहिणाऱ्यांपैकी सध्या कुणाचं वाचू. लिहिणारी माणसं एकमेकांचं हस्तलिखित अवस्थेतलंही वाचत असतात, त्यामुळं अजून पुस्तक न आलेली दोन-तीन नावं तिथं हमखास मिळतात. ती वहीत लिहून ठेवा आणि येत्या दिवाळीला अनुक्रमणिकेत आधी तीच बघा.